आवडता रॉक बँड पहिल्यांदा प्रत्यक्ष ऐकायचाय? ठाणे-नवी मुंबईकरांसाठी तिकिटापासून परतीच्या लोकलपर्यंत

नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम २००८ साली क्रिकेटसाठी उभं राहिलं. रॉक ऐकणाऱ्यांच्या तोंडी मात्र त्याचं नाव वेगळ्या कारणाने असतं. १५ डिसेंबर २०१९ ला यूटू हा आयरिश बँड इथे वाजवून गेला. जानेवारी २०२५ मध्ये १८, १९ आणि २१ तारखेला कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे तीन कार्यक्रम इथेच झाले. वर्षानुवर्षं हेडफोनमधून ऐकलेला आवाज ठाण्याहून लोकलने अर्ध्या-पाऊण तासावर येऊन ठेपला, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

दोन्ही वेळी मी तिथे होते. तेव्हापासून ओळखीपाळखीतले लोक तेच तेच प्रश्न विचारतात. तिकीट कसं मिळतं, कुठलं घ्यायचं, काय न्यायचं, आणि सगळ्यात जास्त वेळा: रात्री घरी यायचं कसं? बँड वाजवतो दोन-सव्वादोन तास, तयारी मात्र आधी काही आठवडे चालते. ती नीट झाली असेल तर दिवे मालवल्यावर तुमच्या डोक्यात फक्त गाणं राहतं. म्हणून हे सविस्तर लिहितेय. उदाहरणं नेरुळची आहेत, पण महालक्ष्मी रेसकोर्स किंवा बीकेसीच्या मैदानावर जाणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

१. बातमीची खातरजमा करा

व्हॉट्सॲपवर पोस्टर फिरायला लागलं म्हणजे कार्यक्रम ठरला असं समजू नका. बँडच्या स्वतःच्या संकेतस्थळावर 'टूर' नावाचं पान असतं. तिथे शहर, मैदान, तारीख आणि अधिकृत तिकीटविक्री कुठे होणार याचा दुवा दिलेला असतो. तिकीट त्याच दुव्यावरून घ्यायचं. बँडच्या मेलिंग यादीत आजच नाव घालून ठेवा, कारण पूर्वविक्रीची सूचना आधी तिथे येते. काही कार्यक्रमांना ठरावीक बँकेच्या कार्डधारकांना एक-दोन दिवस आधी तिकिटं मिळतात. तुमच्याकडे नसलं तरी घरात कुणाकडे ते कार्ड आहे का, ते विचारून ठेवा.

२. तिकीट काढण्याच्या दिवशी

कोल्डप्लेची विक्री २२ सप्टेंबर २०२४ ला, रविवारी दुपारी १२ वाजता सुरू झाली. काही मिनिटांत लोकांना ऑनलाइन रांगेत आपल्यापुढे लाखांच्या घरात माणसं दिसू लागली. तिसरा कार्यक्रम त्याच दिवशी वाढवला, तोही बघता बघता संपला. म्हणून मोठ्या बँडच्या विक्रीच्या दिवशी 'जेवण झाल्यावर बघू' चालत नाही.

आदल्या रात्री एवढं करून ठेवा:

- तिकीटविक्रीच्या ॲपमध्ये लॉगिन करून मोबाइल नंबर आणि ईमेल पडताळून घ्या.
- कार्ड ॲपमध्ये नोंदवून ठेवा. यूपीआयने पैसे भरणार असाल तर दिवसाची मर्यादा तपासा. चार मोठी तिकिटं एकत्र काढली की ती ओलांडली जाऊ शकते.
- कार्डावरची ऑनलाइन व्यवहाराची मर्यादा बँकेच्या ॲपमधून वाढवा. पैसे भरताना व्यवहार नाकारला गेला, तर धरून ठेवलेली जागा काही मिनिटांत सुटते.
- पहिली पसंती, दुसरी पसंती आणि जास्तीत जास्त किती खर्च करायचा, हे सोबतच्यांशी बोलून कागदावर लिहा. रांगेतून आत गेल्यावर चर्चेला वेळ नसतो.

विक्रीच्या दिवशी ॲपवर प्रतीक्षाकक्ष, म्हणजे विक्री सुरू होईपर्यंत थांबायचं पान, उघडतो तेव्हाच आत शिरा. बहुतेक ठिकाणी ठरलेल्या वेळेआधी आलेल्या सगळ्यांना नंबर चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटले जातात, त्यामुळे दोन तास आधी बसून फायदा होईलच असं नाही. पण वेळ उलटून गेल्यावर आलेला माणूस थेट शेपटाला जातो. एकदा नंबर मिळाला की पान रिफ्रेश करू नका. एकच खातं तीन मोबाइलवर उघडू नका, त्यातली दोन सत्रं बंद पडतात आणि कधीकधी तिन्ही. घरातल्या प्रत्येकाने आपापल्या खात्यातून, आपापल्या मोबाइलवरून बसावं. ज्याचा नंबर आधी लागेल त्याने सगळ्यांची काढावीत. एका व्यवहारात किती तिकिटं मिळतात यालाही मर्यादा असते, कोल्डप्लेच्या वेळी ती चारची होती.

दिसते ती किंमत अंतिम नसते. सुविधा शुल्क आणि त्यावरचा कर शेवटच्या पडद्यावर वाढतो. कोल्डप्लेची तिकिटं अडीच हजारांपासून सुरू होऊन ३५ हजारांपर्यंत गेली होती. म्हणजे एकाच मैदानात, एकाच गाण्याला, माणसं चौदा पट अंतराने पैसे मोजून उभी होती. स्वस्त तिकीट म्हणजे कमी दर्जाचा अनुभव, असं अजिबात नाही. त्याबद्दल पुढच्या मुद्द्यात.

नाही मिळालं तर? धीर सोडू नका, पण काळ्या बाजाराच्या वाटेलाही जाऊ नका. त्या वेळी पुनर्विक्रीच्या संकेतस्थळांवर तिकिटांना लाखांचे भाव लावले होते आणि प्रकरण मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेपर्यंत गेलं होतं. 'माझ्याकडे दोन जास्तीची आहेत, आधी अर्धे पैसे पाठवा' असं इन्स्टाग्रामवर सांगणाऱ्या अनोळखी माणसाला एक रुपयाही पाठवू नका. तिकिटाचं चित्र खरं दिसलं तरी तेच चित्र त्याने वीस जणांना विकलेलं असू शकतं, आणि गेटवर पहिल्यांदा स्कॅन होईल तोच आत जातो. त्यापेक्षा अधिकृत ॲप उघडत राहा. मंच उभारताना कुठल्या जागेवरून काय दिसतं ते नक्की झालं, की आयोजक राखून ठेवलेल्या काही जागा खुल्या करतात. पैसे अडकलेल्या व्यवहारांतल्या जागाही परत येतात. कोल्डप्लेने तर नोव्हेंबर २०२४ मध्ये दोन हजार रुपयांची वेगळी तिकिटं काढली होती. ती जोडीनेच घ्यावी लागत आणि जागा कुठली हे नंतर कळे.

३. जागा कुठली घ्यायची?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी विचार केला जाणारा मुद्दा हाच. 'जितकं पुढे तितकं चांगलं' हे क्रिकेटलाही खरं नाही आणि रॉकला तर नाहीच.

मैदानात मंच एका टोकाला असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना स्पीकरच्या उभ्या, किंचित वळलेल्या माळा टांगलेल्या दिसतील. त्या माळांची दिशा मैदानाच्या मध्याकडे आणि स्टँडकडे लावलेली असते. मंचाला अगदी चिकटून उभं राहिलं की हा मुख्य आवाज डोक्यावरून जातो. तुमच्यापर्यंत पोहोचतात मंचाखालचे बेसचे स्पीकर, ड्रमचा थेट आवाज आणि आजूबाजूच्या पाचशे लोकांचं गाणं. गायकाच्या कपाळावरचा घाम दिसतो, पण शब्द पुसट ऐकू येतात.

मैदानाच्या मधोमध थोडं मागे, चहूबाजूंनी कठडा घातलेला एक मचाणासारखा तंबू दिसेल. तिथे ध्वनिमिश्रण करणारा इंजिनिअर बसतो. संपूर्ण कार्यक्रमाचा आवाज तो त्याच्या कानाला जसा येतो तसा जुळवतो. त्या कठड्याच्या पुढे किंवा शेजारी उभं राहायला मिळालं, तर बँडला जे ऐकवायचं आहे ते तुम्हाला ऐकू येतं. कठड्याच्या थेट मागे मात्र उभे राहू नका, तंबूच आडवा येतो.

त्याहून मागच्यांसाठी स्पीकरचे वेगळे मनोरे असतात. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे मंचापासून दीडशे मीटरवर बसलेल्याला ड्रमरची काठी पडद्यावर पडताना दिसते आणि ठोका जवळजवळ अर्ध्या सेकंदाने ऐकू येतो. मागच्या मनोऱ्यांतले स्पीकर मुद्दाम तेवढ्याच उशिराने वाजवले जातात, म्हणजे पुढून आलेला आणि मनोऱ्यातला आवाज एकत्र पोहोचतो. हे एकदा कळलं की हात आणि ठोका जुळत नाही म्हणून गोंधळायला होत नाही.

आता निवड. नेरुळच्या या मैदानाचं एक मोठं सुख म्हणजे स्टँडच्या छताला पुढे खांब नाहीत. छत मागूनच तोललेलं आहे, त्यामुळे वरच्या मजल्यावरूनही मधे काही येत नाही. दिव्यांची रचना, प्रेक्षकांना दिलेल्या हजारो चमकणाऱ्या मनगटी पट्ट्यांचे एकदम बदलणारे रंग, हे सगळं पूर्ण दिसतं ते वरूनच. आई-बाबांना नेणार असाल, गुडघे दुखत असतील, उंची कमी असेल किंवा गर्दीची भीती वाटत असेल, तर बेलाशक मंचासमोरच्या स्टँडमधली खुर्ची घ्या. मंचाच्या अगदी बाजूचे स्टँड शक्यतो टाळा. तिथून स्पीकरची माळ किंवा मंचाची चौकट आड येते आणि पडदाही तिरका दिसतो.

उभ्याची जागा घ्यायची ती उडी मारायला, ओरडायला, अनोळखी माणसांच्या गळ्यात हात टाकून गायला. तिथे सहा-सात तास पायावर काढायची तयारी हवी. व्हीलचेअर वापरणाऱ्यांनी तिकीट काढायच्या आधीच आयोजकांना ईमेल करून वेगळ्या जागेची आणि वेगळ्या गेटची चौकशी करावी, आणि उत्तर जपून ठेवावं.

४. गाणी ऐकून ठेवा

जे बँड दौऱ्यावर असतात त्यांची आदल्या शहरातली गाण्यांची यादी सेटलिस्ट डॉट एफएमवर दुसऱ्या दिवशी मिळते. ती पाहायची की नाही हे तुमच्यावर. आश्चर्य टिकवायचं असेल तर उघडू नका. मी उघडते, कारण मला पाठ नसलेली गाणी सहसा नव्या अल्बममधली असतात आणि पंचावन्न हजार लोक गात असताना आपण ओठ मिटून उभं राहणं मला सहन होत नाही.

दौरा कशासाठी आहे हेही पाहा. यूटूचा २०१९ चा दौरा त्यांच्या १९८७ सालच्या 'द जोशुआ ट्री' या अल्बमसाठी होता, तो त्यांनी क्रमाने पूर्ण वाजवला. फक्त गाजलेली चार गाणी माहीत असलेल्यांना तो मधला भाग लांबला असं वाटलं. अल्बम घोळवून आलेल्यांचे डोळे भरून आले होते.

सुरुवातीला वाजवणाऱ्या पाहुण्या कलाकारांनाही आदल्या आठवड्यात ऐका. मुख्य बँडसाठी थांबलेल्या गर्दीपुढे उभं राहून गाणं फार अवघड असतं. समोर दहा लोक तरी शब्द म्हणणारे दिसले की त्यांना उभारी येते.

५. काय न्यायचं, काय घरी ठेवायचं

जवळ हवंच असं:

- मूळ ओळखपत्र. आधार, वाहन परवाना किंवा पासपोर्ट, आणि डिजिलॉकरमध्ये प्रत. तिकीट ज्याच्या नावावर आहे तो सोबत हवा.
- तिकीट. मोबाइलवरचं असेल तर मैदानापाशी पोहोचायच्या आधी ॲपमध्ये उघडून ठेवा. काही तिकिटांचा क्यूआर कोड सतत बदलतो, तिथे स्क्रीनशॉट चालत नाही. घरपोच येणारं तिकीट किंवा तिकीट म्हणून वापरायचा मनगटी पट्टा असेल तर पत्ता तपासा आणि पट्टा कार्यक्रमाच्या दिवसापर्यंत मनगटावर घालू नका. एकदा आवळला की तो कापल्याशिवाय निघत नाही.
- थोडी रोख रक्कम, घरी परतण्यासाठी. आत बहुधा रोख चालत नाही.
- कानात घालायचे बोळे. याबद्दल सातव्या मुद्द्यात.
- नेहमीची औषधं, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. दोन सॅनिटरी पॅड, टिश्यूचं पाकीट.
- जुने, पायात बसलेले, बंद बूट. नवे बूट घालून जाऊ नका, चपला तर नकोच.

आयोजक आदल्या आठवड्यात मनाई असलेल्या वस्तूंची यादी देतात. ती शब्दन् शब्द वाचा. पाण्याची बाटली, बाहेरचं खाणं, छत्री, सेल्फी स्टिक, लायटर, अत्तराची बाटली, मोठा कॅमेरा हे जवळजवळ नेहमीच अडतं. पॉवर बँक आणि हेल्मेटचं प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. पाठीवरची सॅक नेऊच नका. गेटवर सामान ठेवायची सोय असेलच असं नाही. यूटूच्या वेळी रांगेत माझ्या पुढच्या मुलीची नवीकोरी अत्तराची बाटली गेटवरच्या पिंपात गेली. कुणीतरी वाढदिवसाला दिलेली होती.

लहान मुलांना नेणार असाल तर वयाची अट प्रत्येक विभागासाठी वेगळी पाहा. उभ्याच्या भागात सहसा लहान मुलांना सोडत नाहीत. तिकीटही मुलाच्या वयाप्रमाणे लागतं, 'मांडीवर बसवेन' चालत नाही.

६. जायचं कसं

गाडी नेऊ नका. मोठ्या कार्यक्रमांना नवी मुंबई वाहतूक पोलीस स्टेडियमभोवतीचे रस्ते बंद किंवा एकेरी करतात, अवजड वाहनं दुसरीकडे वळवतात, आणि सायन-पनवेल महामार्ग स्टेडियमला लागूनच असल्याने सगळी कोंडी तिथेच साचते. ठाण्याहून निघालेल्याला विटाव्याचा रेल्वे पूल, ऐरोली, तुर्भे असं आधीच तीन ठिकाणी थांबावं लागतं.

लोकलने जा. ठाणे स्टेशनवर ट्रान्स-हार्बरच्या गाड्या ९, १० आणि १०अ या फलाटांवरून सुटतात. नवख्यांची सगळ्यात मोठी फसगत इथे होते. या फलाटांवरून वाशीच्या गाड्याही सुटतात, आणि तुर्भ्यानंतर त्या सानपाड्याकडे वळून वाशीला जातात. तुम्हाला पनवेल किंवा नेरुळ हवी. त्या जुईनगरवरून नेरुळला जातात. चुकून वाशीत बसलात तर तुर्भ्याला उतरा आणि मागून येणारी पनवेल धरा, वाशीपर्यंत जाऊ नका.

रविवारचा कार्यक्रम असेल तर मेगाब्लॉकचं वेळापत्रक शनिवारी पाहा. यूटूचा कार्यक्रम रविवारी होता, कोल्डप्लेचा दुसराही रविवारीच. ब्लॉक सहसा दुपारपर्यंत उठतो, पण हार्बर किंवा ट्रान्स-हार्बरवर असला तर त्या हिशेबाने निघावं लागतं. कल्याण-डोंबिवलीकरांनी ठाण्याला गाडी बदलायची, पश्चिम उपनगरातल्यांनी वडाळा किंवा कुर्ल्याला हार्बर धरायची.

परतीचं तिकीट जातानाच काढा. रात्री नेरुळच्या खिडकीवरची रांग पुलापर्यंत येते.

नेरुळला पूर्वेला उतरायचं. तिथून स्टेडियम दीड-दोन किलोमीटर, रमतगमत चाललं तरी अर्धा तास. रिक्षा मिळाली तर उत्तमच, पण गर्दीच्या दिवशी रिक्षाही बंदोबस्ताच्या अलीकडे सोडते. जुईनगरवरूनही चालत जाता येतं. तुमच्या तिकिटावरचा गेट क्रमांक आणि त्याचा रस्ता आधी नकाशात पाहून ठेवा. चुकीच्या गेटवर पोहोचलात तर अख्ख्या मैदानाला वळसा पडतो आणि मधले रस्ते बंद असले तर तोही लांबचा.

जेवून जा. निघायच्या दोन तास आधी पोळी-भाजी, दहीभात असं साधं. मिसळ-तर्री दुसऱ्या दिवशी खा. आतलं खाणं महाग असतं आणि त्याच्या रांगेत दोन-तीन गाणी निघून जातात.

७. आत शिरल्यावर, आणि कानांची काळजी

गेटमधून बाहेर पडलं की पुन्हा आत घेत नाहीत, हे गृहीत धरा. आत पाय ठेवल्यावर आधी तीन ठिकाणं नजरेखालून घाला: पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह आणि वैद्यकीय मदतीचा तंबू. सोबतच्यांशी भेटायची जागा ठरवा. 'स्टेजजवळ' असं सांगून उपयोग नाही, 'तीन नंबरच्या गेटजवळच्या पाण्याच्या टाकीपाशी' असं ठरवा. हजारो मोबाइल एकाच टॉवरवर आले की व्हॉट्सॲप अडतं. साधा एसएमएस त्यातल्या त्यात जातो.

कान. कृपा करून हा परिच्छेद गाळू नका. रॉक कार्यक्रमात आवाज १०० डेसिबलच्या आसपास आणि वरही जातो. ८५ डेसिबल आवाजात आठ तास काम करणं ही सुरक्षित मर्यादा मानतात. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या हिशेबाने दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. कार्यक्रम दोन तासांचा. आतल्या कानातल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे चालतात, पण त्यात वरचे स्वर जास्त दबतात आणि आवाज गोधडीतून आल्यासारखा वाटतो. संगीत ऐकण्यासाठी बनवलेले, गाळणी असलेले सिलिकॉनचे बोळे ऑनलाइन मिळतात. ते आवाज सगळीकडून सारखा कमी करतात आणि गंमत म्हणजे गायकाचे शब्द जास्त स्पष्ट कळतात. सोबत मूल असेल तर त्याला कान पूर्ण झाकणारे हेडफोनसारखे संरक्षक घालाच, आणि स्पीकरच्या माळेसमोर उभे राहू नका.

८. दिवे मालवण्याआधी आणि नंतर

लवकर गेलात तर एक गोष्ट पाहायला मिळते, ती चुकवू नका. पाहुणे कलाकार वाजवून गेले की काळ्या कपड्यांतली माणसं मंचावर येतात. एकजण एकेक गिटार उचलून, तार लावून, दोन सूर वाजवून जागेवर ठेवतो. दुसरा ड्रमवर पुन्हा पुन्हा एकच ठोका मारत राहतो आणि मैदानाच्या मधल्या तंबूकडे पाहून मान हलवतो. तिसरा गुडघ्यावर बसून माइकच्या पायाशी एक कागद चिकटपट्टीने लावतो. ती गाण्यांची यादी. ती लागली म्हणजे आता फार वेळ उरलेला नाही. पाण्याला किंवा स्वच्छतागृहाला जायचं असेल तर ते त्याआधीच.

पुढच्या कठड्याशी उभे असाल तर गर्दीच्या लाटा येतात. त्यांच्याविरुद्ध ढकलू नका. दोन्ही हात छातीसमोर धरून श्वासापुरती जागा राखा, पाय थोडे फाकवा, आणि दाब वाढला तर लाटेबरोबर सरकत तिरकं बाजूला निघा. वस्तू खाली पडली तर वाकू नका. कुणी पडलं तर आधी हात वर करून ओरडा आणि त्याला उचला, आजूबाजूचे लगेच जागा करतात. चक्कर आल्यासारखं वाटलं तर लाजू नका, कठड्यापलीकडच्या सुरक्षारक्षकाला खूण करा. त्यांचं ते कामच आहे, ते पुढच्या बाजूने बाहेर काढतात. मुलींनी विशेष लक्षात ठेवावं: कुणी गर्दीचा गैरफायदा घेत असेल तर मोठ्याने बोला आणि शेजारच्याकडे थेट मदत मागा. रॉक ऐकायला आलेली माणसं अशा वेळी एकत्र येतात, हे मी पाहिलंय.

मोबाइलवर चित्रीकरण करायचं तर एखादं गाणं ठरवून करा आणि मग तो खिशात ठेवा. हात डोक्यावर धरला की मागच्याला फक्त तुमचा पडदा दिसतो. शिवाय त्या आवाजात मोबाइलचा माइक नुसता फाटतो, घरी जाऊन ते ऐकवत नाही.

पहिला बेसचा ठोका छातीच्या पिंजऱ्यात जाणवेल. तो कानाला कळायच्या आधी बरगड्यांना कळतो. रेकॉर्डिंगमध्ये हे कधीच येत नाही आणि माझ्यासाठी एवढ्या सगळ्या खटाटोपाचं मोल तिथेच वसूल होतं. कोल्डप्लेच्या गायकाने मंचावरून मराठीत दोन वाक्यं बोलून दाखवली तेव्हा स्टँडमधून जी आरोळी उठली, तीही अजून कानात आहे.

शेवटचं गाणं झाल्यासारखं वाटलं आणि बँड निघून गेला तरी लगेच हलू नका. मैदानातले मोठे पांढरे दिवे लागले नसतील तर ते परत येणार आहेत. मनगटावर चमकणारा पट्टा दिला असेल तर तो बाहेर पडताना परत करायचा असतो, घरी नेलात तरी तो पुन्हा पेटत नाही.

९. घरी परतणं

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे उघड्यावर ध्वनिक्षेपक रात्री १० पर्यंतच चालवता येतो. वर्षातले ठरावीक दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, एरवी नाही. म्हणून आपल्याकडचे मोठे कार्यक्रम दहाच्या सुमारास संपतात. हे आपल्या पथ्यावर पडतं, कारण तेव्हा लोकल चालू असतात.

अडचण वेगळी आहे. स्टेडियम रिकामं व्हायलाच तासभर लागू शकतो, मग चालणं, मग फलाटावरची गर्दी. ठाण्याकडे जाणाऱ्या ट्रान्स-हार्बरच्या गाड्या रात्री विरळ होतात. त्या दिवसाचं वेळापत्रक एम-इंडिकेटरवर पाहून ठाण्याच्या शेवटच्या दोन गाड्यांची वेळ हातावर लिहून ठेवा. मोबाइल तोवर बंद पडलेला असू शकतो. मोठ्या कार्यक्रमांना रेल्वे किंवा आयोजक जादा गाड्यांची, बसची सोय करतात का, तेही आदल्या दिवशी तपासा.

ठाण्याची गाडी चुकली तरी घाबरू नका. सीएसएमटीकडे जाणारी हार्बर लोकल अजून असेल तर ती धरा, कुर्ल्याला उतरा, पूल ओलांडून मुख्य मार्गावर या आणि ठाणे, कल्याण, कसारा, कर्जत जी येईल ती धरा. मुख्य मार्ग मध्यरात्रीनंतरही थोडा वेळ चालू असतो. ही वाट लांबची आहे, पण नेरुळमध्ये टॅक्सीसाठी ताटकळण्यापेक्षा कितीतरी बरी. फक्त परतीचं तिकीट ठाण्यापर्यंत कुर्ल्यामार्गे चालेल असं धरून चालू नका, नेरुळलाच कुर्ल्यामार्गे वेगळं काढा.

टॅक्सीच हवी असेल तर स्टेडियमच्या दारात बोलावू नका. चालक तिथे पोहोचू शकत नाही, तुम्ही एकमेकांना फोन करत राहता आणि भाडं मात्र चढत जातं. सीवूड्स किंवा जुईनगरच्या दिशेने वीस-पंचवीस मिनिटं चाला, तिथे बोलवा. रस्त्याने तुमच्यासारखेच शेकडो जण गात चाललेले असतात, त्यामुळे ते चालणं जड जात नाही. एकट्या मुलींनी घोळक्यासोबतच राहावं आणि घरच्यांना निघताना एसएमएस करावा.

घरी आल्यावर दोन ग्लास पाणी प्या आणि दुसऱ्या दिवशी कानांना आराम द्या, हेडफोन लावू नका. कानात बारीक शिटी वाजत राहिली तर ती सहसा एका दिवसात थांबते. दोन दिवसांनंतरही राहिली किंवा एका कानाने कमी ऐकू येतंय असं वाटलं, तर लगेच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. अशा वेळी लवकर उपचार सुरू झाले तर बरं होण्याची शक्यता जास्त असते. खाण्यापिण्यासाठी मनगटी पट्ट्यात भरलेले पैसे उरले असतील तर ते परत मागायची मुदत थोड्याच दिवसांची असते, तेवढं काम त्याच आठवड्यात उरकून टाका.